ख्रिस्ती माणसाने कडवट होऊ नये. पण गप्प का बसावे?

दलित ख्रिस्ती घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलामुलींना एक वाक्य वारंवार ऐकावे लागते. फेलोशिपचा अर्ज फेटाळला गेलेला असतो, किंवा मुलाखतीत गाव आणि आडनाव विचारत विचारत जात काढलेली असते, किंवा चर्चच्याच संस्थेतली नोकरी ‘चांगल्या घराण्यातल्या’ उमेदवाराला गेलेली असते. त्याबद्दल बोलताना जरा आवाज चढला की समोरचा म्हणतो, ‘‘एवढा कडवटपणा बरा नव्हे. तू ख्रिस्ती ना?’’ हे पाळक म्हणतात, मंडळीतले वडीलधारे म्हणतात आणि ख्रिस्ती धर्माशी काडीचा संबंध नसलेले सवर्ण प्राध्यापकही म्हणतात. येशूची शिकवण त्यांना आमच्यापुरती पाठ असते.

या लेखात मला कडवटपणाची बाजू घ्यायची नाही. कडवटपणा माणसाला आतून पोखरतो. आमच्या पिढीतली हुशार, वाचणारी, लढणारी माणसे त्यापायी एकटी पडलेली मी पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच की निराशा, राग आणि कडवटपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला त्या मुद्दाम एकाच पोत्यात भरून दिल्या जातात. निराशा म्हणजे जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही याची जाणीव. राग म्हणजे ते कुणी आणि का अडवले, हा प्रश्न. या प्रश्नाला वर्षानुवर्षे उत्तर मिळाले नाही, तो विचारायची जागाच उरली नाही, म्हणजे जे साचते तो कडवटपणा. पहिल्या दोन गोष्टी दाबून तिसरी टळत नाही. उलट दाबल्यामुळेच ती तयार होते.

निराशेचा परिच्छेद

दलित ख्रिस्ती माणसाच्या निराशेला परिच्छेद क्रमांक आहे. अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश, परिच्छेद ३. हिंदू धर्म न मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे तो मूळ परिच्छेद सांगत होता. फक्त काही शीख जातींना तेव्हा सवलत होती. १९५६ मध्ये त्यात शीख धर्म आला, १९९० मध्ये बौद्ध धर्म आला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. त्यातही ख्रिस्ती लोकांना वगळण्याची रीत स्वातंत्र्याच्या आधीची. इंग्रज सरकारच्या १९३६ च्या आदेशातच भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीत धरू नये असे लिहिलेले होते. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी आदिवासीच राहतो. दलित ख्रिस्ती झाला की कागदावरून त्याची जात पुसली जाते आणि त्याबरोबर राखीव जागा, शिष्यवृत्ती, राखीव मतदारसंघ आणि अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही जाते.

माझ्याच घरातले सांगते. माझे पणजोबा नगर जिल्ह्यात महारकी करत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तरी घर महारवाड्यातच राहिले. मिशनच्या शाळेत आजोबांचे नाव घालताना जातीच्या रकान्यात ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ एवढेच लिहिले गेले. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तेच उतरले. लिहिणाऱ्याला कदाचित त्यात समतेचा आनंद वाटला असेल. तीन पिढ्यांनंतर मी पीएच.डी.साठी फेलोशिपचा अर्ज भरला तेव्हा सांगण्यात आले की अनुसूचित जातीच्या फेलोशिपला तुम्ही पात्र नाही, ओबीसीतून भरा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत जागा आहे. तिथे गेले तर मूळ जात कोणती याचा जुना पुरावा मागितला, आणि तो रकाना तर ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ या दोन शब्दांनी भरलेला. शेवटी खुल्या प्रवर्गातून अर्ज केला. यादीत नाव आले नाही. आज तासिका तत्त्वावर शिकवत संशोधन करते आहे. गावात मात्र आमची जात सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिथे अजून कुणी पुरावा मागितलेला नाही.

याच कोंडीमुळे देशभर असंख्य कुटुंबे दोन आयुष्ये जगतात. रविवारी उपासनेत एक नाव, तहसील कचेरीत दुसरे. मुलाला शिकवायचे तर बाप्तिस्मा लपवायचा, बाप्तिस्मा सांगायचा तर मुलाची फी भरायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करायचा, ही राज्यघटनेची फसवणूक आहे. या दुहेरी जगण्याला फसवणूक म्हणणे सोपे आहे. ते जगणे कुणाच्या नियमाने भाग पाडले, हे विचारणे अवघड.

पुरावा आणा, असे न्यायालय म्हणाले

मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चपला शिवणारे सूसै नावाचे एक कारागीर होते. आदि-द्रविड जातीतले, ख्रिस्ती झालेले. सरकारी योजनेतून अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या वाटल्या गेल्या. ख्रिस्ती म्हणून त्यांना टपरी मिळाली नाही. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये निकाल लागला. धर्मांतरानंतरही तीच जात चिकटून राहते एवढे दाखवून भागणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नव्या धर्मातही त्या जातीमुळे होणारा जाच तितकाच तीव्र आहे हे दाखवावे लागेल आणि तसा पुरेसा पुरावा आमच्यापुढे नाही. मागणी होती एका टपरीची. उत्तर मिळाले ते साऱ्या समाजाने सिद्ध करायचे होते.

त्यानंतर पुरावा आला नाही असे नाही. २००४ मध्ये परिच्छेद ३ ला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेदच काढून टाका अशी शिफारस केली. २००८ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजातल्या दलितांवरच्या उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा नाकारण्यामागे समाजशास्त्रीय आधार दिसत नाही असा त्याचा रोख होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. त्याला दोन वर्षे दिली होती, पुढे मुदत वाढत गेली. जो विद्यार्थी २००४ मध्ये पहिलीत होता तो एव्हाना पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांची वयोमर्यादा मोजत बसला आहे. त्याला कडवट होऊ नकोस म्हणणाऱ्याने आधी ही वर्षे मोजावीत.

चर्चने दिलेली निराशा

सरकारची निराशा एकवेळ सोसते, कारण सरकारला आपण बाप म्हणत नाही. चर्चची निराशा खोल जाते.

तामिळनाडूत चर्चच्या दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. तिरुचिरापल्लीतली अशी भिंत अनेक वर्षे बातम्यांत आणि आंदोलनांत होती. गोव्यात चारशे-पाचशे वर्षांच्या ख्रिस्ती परंपरेनंतरही लग्न जुळवताना बामण, चाड्डी, शुद्र हे शब्द निघतात. केरळमध्ये २०१८ साली केविन जोसेफ या दलित ख्रिस्ती तरुणाचा प्रेमविवाहामुळे खून झाला. २०१९ मध्ये कोट्टयमच्या न्यायालयाने ती ऑनर किलिंग मानून मुलीच्या भावासह दहा जणांना दुहेरी जन्मठेप दिली. महाराष्ट्रात आमची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते. मराठी ख्रिस्ती म्हटले की नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक ही नावे येतात. ही मोठी माणसे होती यात वाद नाही. पण नगर-जालना पट्ट्यातल्या मंडळ्या भरल्या त्या महार-मांगांनी, आणि त्यांच्यापैकी एकाचे नाव आपल्याला पाठ्यपुस्तकात सापडत नाही. स्तोत्रे लिहिणारे लक्षात राहिले, ती वस्तीवस्तीत गाणारे विसरले गेले.

डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चच्या आत भेदभाव आहे हे उघड मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. या गोष्टींचा मला आनंद आहे. पण घटनेच्या कलम १५(५) ने अल्पसंख्याक शैक्षणिक संस्थांना प्रवेशातल्या आरक्षणातून वगळले आहे. म्हणजे देशातल्या नामवंत ख्रिस्ती महाविद्यालयांवर दलित ख्रिस्ती मुलांसाठी जागा ठेवण्याची घटनात्मक सक्ती नाही. जिथे सक्ती नाही तिथेच विश्वासाची परीक्षा असते. सरकारपुढे मोर्चा नेणाऱ्या चर्चने आपल्या संस्थांत किती दलित ख्रिस्ती विद्यार्थी आहेत, किती प्राध्यापक आहेत, विश्वस्त मंडळावर किती आहेत, हे आकडे फलकावर लावावेत. त्यासाठी कुठल्या आयोगाची वाट पाहायला नको.

बाबासाहेबांची टीका

या सगळ्यात आपले काही चुकते आहे का, हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी विचारला होता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधली जात दाखवून दिली, महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते हेही सांगितले, आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे का राहतो हे विचारले. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक निबंध आहे. त्यातली त्यांची टीका अशी की या माणसाला समाजातला अन्याय दूर करण्याची ओढ उरत नाही. कारण त्याला शिकवले जाते की तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली. ती समाजरचनेमुळे झाली असे कळले असते तर तो रचनेशी लढला असता.

ही टीका मला ख्रिस्ती म्हणून झोंबते आणि समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून पटते. कडवट होऊ नकोस, क्षमा कर, प्रार्थना कर: हा उपदेश सामाजिक प्रश्नाचे रूपांतर मनाच्या आजारात करतो. फेलोशिप नाकारणारा नियम जागच्या जागी राहतो आणि तपासायचे कुणाला, तर अर्जदाराच्या अंतःकरणाला. पण बायबल स्वतः हे करते का? तिथे माझे आपल्या पाळकांशी भांडण आहे.

नामीला कुणी रागावले नाही

रूथच्या पुस्तकात नामी नावाची बाई आहे. दुष्काळात परदेशी गेलेली, तिथे नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतलेली. गावातल्या बाया तिला ओळखतात तेव्हा ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. देवाने माझे आयुष्य कडू करून टाकले असे ती चारचौघांत बोलते. या बाईला पुढच्या कुठल्याही ओळीत कुणी झापत नाही. देव नाही, गावकरी नाहीत, पुस्तक लिहिणारा तर नाहीच. तिची सून रूथ तिची समजूतसुद्धा काढत बसत नाही. ती शेतात सरवा वेचायला जाते.

सरवा हा शब्द आपल्या आज्यांना सांगावा लागत नाही. पीक कापून नेल्यावर मागे पडलेली कणसे वेचायची आणि त्यावर चूल पेटवायची. पण आपल्या गावात सरवा मालकाच्या मर्जीवर असे. मोशेच्या नियमशास्त्रात तो गरीब, विधवा आणि परक्यांचा हक्क होता; शेताच्या कडा पुऱ्या कापू नका, पडलेले परत गोळा करू नका, अशी शेतमालकाला आज्ञा होती. रूथ त्या हक्कावर शेतात उतरते. पुढे बवाज गावच्या वेशीत वडीलधाऱ्या पंचांना बसवतो आणि नामीच्या घरच्या जमिनीचा प्रश्न साक्षीदारांसमोर निकाली काढतो. नामीचा कडूपणा उतरला तो असा: पोटाला धान्य मिळाले, जमिनीचा निवाडा झाला, घरात मूल आले, सोबत माणूस राहिले. कुणी तिला क्षमेवर प्रवचन दिल्याची नोंद नाही.

माझ्या मते ख्रिस्ती उत्तराचा गाभा इथे आहे. कडवटपणा हे पाप आहे असे सांगणे सोपे. कडवटपणा हा अडवलेल्या हक्काचा परिणाम आहे हे ओळखून तो हक्क मोकळा करणे अवघड. मंडळीला हे अवघड काम दिलेले आहे. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग गाऱ्हाण्यांनी भरला आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलासा येत नाही. ज्यांनी ते पवित्र शास्त्रात ठेवले त्यांना ते कापून गोड करावेसे वाटले नाही. आपल्या रविवारच्या उपासनेत मात्र गाऱ्हाण्याला वेळ नसतो.

आणि दुसरा गाल पुढे करण्याबद्दल. महायाजकापुढे येशूला एका शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर का मारलेस, असे त्याने भर सभेत विचारले. त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही, पण पुरावा मागितला. प्रश्न विचारणे आणि कडवट होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे याहून स्पष्ट काय सांगायचे?

निराश होऊनही न कुजलेली माणसे

आपल्या आधीच्या माणसांनी या निराशेचे काय केले ते पाहू. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात छापला गेला. ती स्वतः ख्रिस्ती नव्हती. पण आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असा जाब तिने थेट देवाला विचारला आणि बायकांच्या बाळंतपणातल्या हालांपर्यंत एकेक गोष्ट नोंदवली. पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या मुलीने काय करावे याचा तो पहिला धडा आहे.

त्रावणकोरात पोयकयिल योहन्नान होते, १८७९ चे, परया जातीत जन्मलेले. मार्थोमा चर्चमध्ये गेले, बायबलचे नामांकित उपदेशक झाले. दलिताच्या दफनावरून चर्चमध्ये वाद झाला तेव्हा ते बाहेर पडले. दुसऱ्या पंथातही जात भेटली तेव्हा तोही सोडला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस आपल्या लोकांची प्रत्यक्ष रक्षा दैव सभा उभी केली. त्यांच्या गाण्यांत गुलामीच्या आठवणी आहेत. पण ते गाण्यांवर थांबले नाहीत. त्रावणकोरच्या प्रजासभेत सदस्य म्हणून जाऊन आपल्या लोकांसाठी जमीन आणि शिक्षण मागितले. ते चर्चमध्ये राहिले नाहीत म्हणून त्यांना कडवट म्हणणारा माणूस मला अजून पटलेला नाही. सोडून जाणे हाही कधीकधी न कुजण्याचा मार्ग असतो. १९३५ मध्ये येवल्यात घोषणा आणि १९५६ मध्ये नागपुरात दीक्षा, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

राहून लढणारेही होते. अरविंद निर्मळ हे मराठी ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिओलॉजिकल कॉलेजमधल्या भाषणातून त्यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र ब्राह्मणी चौकटीत अडकल्याचे दाखवले, आणि पुढे दलित धर्मशास्त्राची मांडणी केली. इस्राएल लोकांनी आपला भटका, पिडलेला पूर्वज विसरू नये असे अनुवादाचे पुस्तक सांगते. निर्मळांनी त्याच धाग्याने सांगितले की दलित ख्रिस्ती माणसाने आपला दलित पूर्वज विसरून ख्रिस्ती होता येणार नाही. म्हणजे जातीच्या रकान्यातले ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ त्यांनी धर्मशास्त्रातून खोडले.

आणि एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी आठ गोऱ्या धर्मगुरूंना लिहिलेले पत्र. त्यात गोऱ्या चर्चबद्दलची निराशा त्यांनी लपवली नाही. जिथे खोल प्रेम असते तिथेच खोल निराशा होते, असा त्यांचा सूर होता. आपल्या पाळकांना किंगचे स्वप्न आवडते. त्यांनी हे पत्रही व्यासपीठावरून वाचावे.

कडवटपणा घरातच फुटतो

कडवटपणापासून सावध राहायचे खरे कारण वेगळेच आहे. ज्याच्यामुळे निराशा झाली त्याच्यापर्यंत तो सहसा पोचतच नाही. तो शेजारच्यावर निघतो. परिच्छेद ३ बदलण्याची गोष्ट निघाली की आमच्यातच भांडण लागते. हिंदू आणि बौद्ध दलित मित्र म्हणतात, आधीच जागा भरत नाहीत, त्यात वाटेकरी कशाला? ख्रिस्ती म्हणतात, तुम्हाला मिळाले, आता दार लावून घेता. काही जण आम्हाला बाटगे म्हणतात, आमच्यातले काही जण स्वतःला ‘आम्ही काही जयभीमवाले नव्हे’ म्हणून वेगळे काढतात. हे ऐकून ज्याने परिच्छेद लिहिला त्याला झोप चांगली लागत असेल.

वाटेकरी ही शंका खोटी नाही, तिला उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे की संख्या वाढली तर कोटाही त्या प्रमाणात वाढावा. पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडता येत नाही, हे कारण आता चालणार नाही. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना दहा टक्के दिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मर्यादा कुणासाठी लवचिक होते आणि कुणासाठी ताठ, हे आपण सगळ्यांनी मिळून विचारायचे आहे. आणि बौद्ध मित्रांना एक आठवण. १९५६ च्या दीक्षेनंतर केंद्राच्या यादीत यायला तुमच्या घरच्यांना १९९० उजाडले. त्या चौतीस वर्षांत धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली होती का? नव्हती. मग आमच्या बाबतीत विसरली असेल असे कसे धरायचे?

साक्ष

ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष देणे’ ही जुनी रीत आहे. उपासनेत माणूस उभा राहतो आणि सांगतो, देवाने मला आजारातून उठवले, मुलाला नोकरी दिली. सगळे ‘आमेन’ म्हणतात. माझे म्हणणे आहे, या रीतीत आणखी एक साक्ष बसवा. माझा अर्ज या कारणाने फेटाळला. माझ्या वडिलांना त्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. माझे लग्न जात कळल्यावर मोडले. यालाही ‘आमेन’ म्हणता आले पाहिजे. ज्या निराशेला चारचौघांत उभे राहून बोलता येते ती कुजत नाही.

आणि साक्ष कागदावरही हवी. १९८५ मध्ये न्यायालयाने पुरावा मागितला होता. आपण शिकलो ते लिहिता यावे म्हणूनच ना? आपापल्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या जुन्या नोंदवह्या वाळवी खाण्याआधी पाहा, त्यांची छायाचित्रे काढा, पूर्वजांची वस्ती आणि काम कुठे नोंदले आहे ते शोधा. फेटाळलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत आणि कारण लेखी मागून घ्या. तोंडी नकारावर परतू नका, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात विचारा. गावात आजही पाण्यावरून, वाटेवरून, स्मशानावरून काय घडते ते तारखेसह लिहा. मंडळीच्या वार्षिक सभेत संस्थांमधल्या दलित ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे आकडे मागा. आणि हे एकट्याने करू नका. शेजारच्या विहारातले, वस्तीतले, मोहल्ल्यातले शिकलेले मित्र बरोबर घ्या. परिच्छेद ३ ने मुस्लिम दलितांनाही बाहेरच ठेवले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात एक विधवा आहे. ना देवाला भिणारा, ना माणसाला मानणारा असा एक न्यायाधीश, आणि त्याच्या दारात रोज येऊन न्याय मागणारी ती. शेवटी तिच्या येण्याला कंटाळून तो निकाल देतो. येशूने ही गोष्ट प्रार्थनेत खचू नये म्हणून सांगितली. ती बाई न्यायाधीशाला शाप देत घरी बसली असती तर गोष्ट झाली नसती. त्याला क्षमा करून घरी बसली असती तरीही झाली नसती. ती परत गेली. बालकृष्णन आयोगाचा अहवाल येईल तेव्हा येईल, याचिकेची तारीख लागेल तेव्हा लागेल. तोवर पुढच्या वर्षीच्या फेलोशिपचा अर्ज भरायचा आहे, आणि या वेळी सोबत पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत जोडायची आहे.

सलाम आणि जयभीम.